हाताच्या चुंबकाला न सापडणारं लोखंड

मी, प्रफुल्ल कुशाबा घाडी, वय एकोणतीस, राहणार लालबाग, सध्या नोकरीसाठी बहरीन, जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत ग्राइंडर, हा कागद माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडलाय, तो माझ्या काकांना मोठ्याने वाचून दाखवावा. शाळा आठवीपर्यंत, त्यामुळे चुका असतील. त्या लिहिण्याच्या समजाव्या, मनाच्या नाही.

येत्या सोमवारी परळच्या इस्पितळात माझी एक किडनी काढून माझी धाकटी बहीण अक्षदा हिला बसवणार आहेत. डॉक्टर म्हणतात, देणाऱ्याला धोका अगदी थोडा. थोडा म्हणजे आहे. म्हणून हे मृत्युपत्र. याआधी मी असं काही केलेलं नाही.

कलम १. किडनी मी सगळ्यात आधी लिहिणार होतो. भोईवाडा कोर्टाजवळच्या वकीलबाई म्हणाल्या, "ती मृत्युपत्रात येत नाही. जिवंतपणी देताय ना? कमिटीची परवानगी आली, विषय संपला." म्हणून ती वाटणीत धरलेली नाही. एवढंच नोंदवतो की ती मी आपणहून दिली. आईला साखर आहे, तिची चालली नाही. अक्षदा तर नकोच म्हणत होती.

कलम २. लालबागच्या खोलीची भाडेपावती बाबा गेल्यावर माझ्या नावावर झाली. त्या खोलीत माझा जो काही हक्क असेल तो, आणि उद्या चाळ पाडून इमारत झाली तर मिळेल ती जागा, आई शांता आणि बहीण अक्षदा या दोघींना. काका रघुवीर यांना त्यात काही नाही. कारण लिहा, असं वकीलबाई म्हणाल्या. तर कारण असं: आमच्याच घरी चहा पिताना काका म्हणाले, "दिलेली पोरगी ती. सासरच्यांनी द्यावी किडनी. तू घरातला एकटा मुलगा, तू कशाला पोट फाडून घेतोस?" अक्षदा मोरीत भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. काका, तुमचा माझ्यावर जीव आहे हे मला ठाऊक आहे. पण तो नळ बंद झालेला माझ्या कानातून जात नाही.

कलम ३. अक्षदाचं डायलिसिस सुरू झालं तसा तिचा नवरा दीपक "जरा पनवेलला जाऊन येतो" म्हणून गेला तो गेलाच. त्याचं हेल्मेट आमच्या दारामागे टांगलंय. ते त्याला परत द्यावं.

कलम ४. पलंगाखालच्या पेटीत सुतळीला बांधलेलं गोल चुंबक आहे. मंडपवाल्याच्या फुटक्या स्पीकरमधून काढलेलं. ते अक्षदाला. लहानपणी शिवडीच्या गोदामांसमोर वाळूचे ढीग असायचे, त्यातून आम्ही ते ओढत न्यायचो. काळी भुकटी चिकटायची. ती घरी कागदावर पसरून खालून चुंबक फिरवलं की गवतासारखी उभी राहायची. अक्षदा म्हणायची, "ऐकतंय बघ आपलं."

आता जे लिहितोय ते कायद्याचं नाही, तरी लिहितो. यापेक्षा मोठं मी काही बघितलेलं नाही.

नवी किडनी कुठल्या नसांना जोडायची ते आधी बघावं लागतं. त्यासाठी एमआरआय. नस नीट दिसावी म्हणून जे नेहमीचं इंजेक्शन देतात ते अक्षदाच्या दमलेल्या किडन्यांना झेपणारं नव्हतं. डॉक्टरांनी दुसरं मागवलं, लोखंडाचं. मशीन चालवणाऱ्या नूपुर मॅडम म्हणाल्या, "कण इतके बारीक की केसाच्या रुंदीत हजारो ओळीने मावतील. वर साखरेच्या जातीचा लेप, म्हणून रक्तात सुखाने फिरतात." मी रोज लोखंड घासतो. माझी भुकटी मला डोळ्यांनी दिसते, थुंकीत दिसते. ही कसली भुकटी म्हणायची?

मशीनच्या दाराशी लोखंडाला बंदी. अक्षदाच्या बांगड्या, पिना, सगळं काढलं. तरी तपासायची दांडी तिच्या अंबाड्याशी वाजली. आत खिळा निघाला. आईने खोचलेला, राखण म्हणून.

"आजी, हे काय? आत मॅग्नेट आहे, खिळा गोळीसारखा सुटेल."

"अगो बाय, लोखंडान काय लागणा नाय."

"लोखंड मी देतेच आहे तिला. सुईतून."

आईने विचारलं, "मगे मियां काय येगळा केलंय?"

नूपुर मॅडम हसत सुटल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही ग्राइंडर ना? डोळ्यात कण असू शकतो. काचेबाहेर उभे राहा."

राहिलो. मी कुठे टिकत नाही हे सगळ्या चाळीला माहीत आहे. शाळा सोडली, कुरिअर सोडलं, गोदाम सोडलं, मंडपाचं लायटिंग सोडलं. त्या काचेबाहेर मात्र माझा पाय हलला नाही. नळीतून औषध हळूहळू जात होतं, कोऱ्या चहाच्या अर्कासारखं काळपट. आणि पडद्यावर ते पांढरं उमटलं! काळं आत गेलं आणि पांढरं दिसलं. काळजापासून एक जाड नस खाली आली, कमरेशी दोन झाली, मग फांद्या, मग फांद्यांना फांद्या. मी मंडप उजळलेत, पण असं लायटिंग कुठल्या गल्लीत बघितलं नाही. ते आमच्या अक्षदाच्या पोटात जन्मापासून होतं, आणि आम्ही तिला किडकिडीत म्हणायचो.

मी विचारलं, "आता हे बाहेर कधी पडणार?"

"पडायचं कशाला? यकृत उचलतं, शरीर त्याचं नवीन रक्त करतं. मुळात हे रक्त कमी असणाऱ्यांचंच औषध."

घरी आल्यावर अक्षदाने मनगट पुढे केलं. "लाव रे चुंबक." लावलं. कुठे काही नाही. "आता ऐकत नाही आपलं," ती म्हणाली आणि पुष्कळ दिवसांनी खळखळून हसली. लोखंड आत आहे, फिरतंय, आणि हातातल्या चुंबकाला सापडत नाही.

कलम ५. बँकेत असेल ते आईला. माझे गोदीतले बूट भोईवाड्याच्या माझ्या दोस्ताला, सम्यकला, त्याचा डोळा आधीपासून त्यावर आहे. या कागदाप्रमाणे सगळं पार पाडायचं कामही त्याचंच. बूट फुकट नाहीत, सम्या.

कलम ६. हे आईसाठी. सोमवारी खिळा माझ्या उशीखाली ठेवू नकोस, काढून घेतील. घरी उंबऱ्यापाशी ठेव. माझं बरंवाईट झालं तरी किडनी अक्षदाला बसलीच पाहिजे, तसं डॉक्टरांना सांगून ठेवलंय. त्यानंतर तिला बोल लावायचा नाही, कोणी लावला तर ऐकून घ्यायचा नाही. नुसती माझ्या फोटोपुढे बसू नकोस. जुन्या किडन्या काढत नाहीत, नवी खाली बसवतात. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून जागा दाखवली: पोटाच्या खाली उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या आत, ती पांढरी नस मांडीकडे वळते तिथे. तिचं रक्त माझ्यात तिथून शिरेल, त्या लोखंडासकट. तुला माझ्याशी काही बोलावंसं वाटलं तर अक्षदाच्या पोटावर तिथे हात ठेव. ऊब लागेल.

ठिकाण: लालबाग, मुंबई. शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५.

सही: प्रफुल्ल कुशाबा घाडी

साक्षीदार: अजित नेवरेकर, शेजारी (सही)

साक्षीदार: कमळाबाई, खालचा मजला (डाव्या हाताचा अंगठा). त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: "मरणाच्या कागदाला मी हात लावत नाय. हा पोरगा शुद्धीवर आला की त्याने हा माझ्यासमोर फाडायचा, या बोलीवर अंगठा देते."

बोली मान्य. प्र. कु. घाडी