बिनशिंगी

प्रिय चष्मिस,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून रागावली असशील. रागाव, पण आधी हसून घे. एका शेणकिड्याला माझं नाव मिळतंय. थट्टा नाही गं. आपल्या सरांनी, जे लग्नानंतर माझे मामंजी झाले त्यांनी, नवी जात शोधलीय आणि तिला सुनेचं नाव दिलंय, पुढे लॅटिनचं शेपूट लावून. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "त्यांना फुलपाखरू नाही का मिळालं?"

त्यांच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे, पण किती ते नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं गेलं. समोर माणूस उभा राहिला तर कान दिसतात, तोंड नाही. त्यामुळे सकाळची भांडी आवरली की मी आतल्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते आणि ते मागे आरामखुर्चीतून विचारत राहतात. डोक्याची कड कशी आहे, पाठीवर ठिपके दाट की विरळ, पुढच्या पायाला दाते किती. मी सांगते, ते मनात चित्र जुळवतात, मजकूर सांगतात आणि मी टाइप करते. नराचं जननांग बाहेर काढून त्याचाही आकार सांगावा लागतो, कारण जात खरी तिथेच कळते. सासऱ्यांना असलं काही सांगणारी सून जगात मी एकटीच असेन. सुरुवातीला कान लाल व्हायचे, आता भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगते.

आल्यागेल्याला ते कौतुकाने म्हणतात, "डोळे तिचे, नजर माझी." सगळे हसतात, मीही हसते. खिडकी उघडायची सोय नाही, वाऱ्याने किड्यांचे सुटे पाय उडून जातात. डांबरगोळ्यांचा वास केसांत असा बसलाय की किराणावाला विचारतो, घरी ट्रंका काढल्यात का. नवरा बोटीवर. फोनवर म्हणतो, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. ते ऐकलं की कुणीतरी बाहेरून कडी लावल्यासारखं वाटतं. तुमच्या संग्रहालयात जागा निघालीय, स्वतःच्या नावाने काम करता येईल, असं तू लिहिलंस ना, ते मी मामंजींना वाचून दाखवलंच नाही. घरात येणारं सगळं मीच वाचते, त्यामुळे मी न वाचलेलं त्यांच्यासाठी आलेलंच नसतं. आणि खरं सांगू, तुझं ते पत्र वाचून मी मोरीत जाऊन रडले.

सरांचा पहिला तास आठवतो? दोन किडे ठेवले होते, एक शिंगवाला दांडगा, एक बिनशिंगी किरकोळ. या दोन वेगळ्या जाती, असं आपण दोघींनी छातीठोकपणे सांगितलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. सर म्हणाले, एकाच आईची पोरं असतील ही. एकाला पोटभर शेण मिळालं, दुसऱ्याला कमी पडलं, म्हणून त्याला शिंगं फुटली नाहीत. दांडगा मादीच्या बिळाच्या तोंडाशी पहारा देतो, बारका बाजूने आपलं बीळ खणून आत शिरतो. नवी जात म्हणायच्या आधी बारक्याला दांडग्याशी ताडून बघा, नाहीतर तोंडघशी पडाल. त्या दिवसापासून वर्गाने मला बारकी करून टाकलं.

तर नव्या जातीवरचा लेख छापायला पाठवून झाला आणि मी किड्यांच्या पेट्या पुसायला घेतल्या. एका जुन्या पेटीत शिंगवाला दिसला, सगळ्यांना ठाऊक असलेल्या जातीचा. सहज भिंगाखाली धरला आणि शंका आली. अंग काढून आपल्या नव्या किड्याच्या अंगाशेजारी ठेवलं. तंतोतंत. भिंग पुसून परत पाहिलं, दुसरा नमुना काढून पाहिला. नवी जात नाहीच ती. जुन्याच जातीचा बारका नर आहे. मामंजींना दोन्ही शेजारी ठेवून पाहता येत नाहीत, आणि मी ते विचारतील तेवढंच सांगत आले.

लगेच सांगायला गेले. ते लेकाशी फोनवर बोलत होते, "तिने माझ्यासाठी काय केलं ते नावासकट राहू दे. दुसरं काही देण्यासारखं नाही रे माझ्याकडे." मी दारातूनच मागे फिरले. मग एकदा चहा देताना म्हटलं, शिंगवाल्यांशी ताडून बघू या का? मला शिकवतेस होय, म्हणून हसले. हात चाचपडत माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, हा लेख छापून आला की पुढच्या पेट्या काढू, अजून पुष्कळ काम आहे आपल्या दोघांना. कपाटात वरपर्यंत पेट्या आहेत गं. मी चहाचा कप उचलून बाहेर आले.

लेख तपासायला कुणाकडे पाठवू, असं संपादकांनी विचारलं होतं. मामंजींनी तुझं नाव सुचवलं. "माझी विद्यार्थिनी, शिवाय तुझी मैत्रीण, ती काही आडवं लावणार नाही," असं मला म्हणाले. म्हणजे एव्हाना तो तुझ्या टेबलावर असेल. चष्मिस, तो नाकार. समोरून मला सांगता आलं नाही, म्हणून हे बाजूचं बीळ. खरं ते राहावं म्हणून मागतेय की मला सुटायचंय म्हणून, माझं मलाच कळत नाही. दोन्ही असेल. त्यांना फार लागेल, कदाचित त्यानंतर ते पेटी उघडणारही नाहीत, आणि ते बघायला मीच असेन. तरी नाकार. फक्त सरांचा मान ठेवायचा म्हणून गुळमुळीत लिहू नकोस. तुझं उत्तर त्यांना मीच वाचून दाखवणार आहे, आणि माझा मला भरवसा नाही. वाचताना एकही शब्द गाळता येणार नाही, असं लिही.

तुझीच,
बारकी