खाली कुणीतरी हवं

४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. फोनवर घरातले सगळे एकदम बोलतात आणि कुणाचंच काही कळत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. शिवाय तिकीटखिडकीवर बसून तुला माणसांना रांगेत आणायची सवय आहे. या कामाला तीच लागेल.

हिवाळ्याच्या सुट्टीत तुम्ही सगळ्यांनी इकडे यायचं आहे. गेल्या वर्षी शाळेतल्या इतर शिक्षकांबरोबर मी स्कीइंग शिकले. अजून नीट थांबता येत नाही, पण उतरता येतं. दादा, वहिनी आणि त्यांच्या मिरीला शिकायचंच आहे. प्रश्न उरतो तो आई, बाबा आणि तू, या न घसरणाऱ्या पक्षाचा.

इथे मी जे बघते ते सांगते. कुटुंबं येतात, तरुण मंडळी रोपवेच्या पाळण्यात बसून डोंगरावर जातात आणि वडीलधारी माणसं दिवसभर खालच्या गावात चहाच्या दुकानात बसून राहतात, ठेवलेल्या सामानासारखी. संध्याकाळी त्यांना उचलून न्यायचं. मला ते बघवत नाही. आपल्याकडे असं होणार नाही. घसरणारे आणि न घसरणारे एका छपराखाली राहतील, एका टेबलाशी जेवतील. म्हणून मी थेट डोंगरमाथ्यावरचं लॉज शोधलं आहे. तिथे एक अख्खी भिंत काचेची आहे आणि शेजारी मोठी शेगडी. आई विणेल, तू येणाऱ्याजाणाऱ्यांवर शेरे मारशील, बाबा आम्हाला बघतील. वर जायला रोपवे हा एकच मार्ग आहे, पण पाळणा बंद असतो, वारा लागत नाही.

बाबांना तू तयार करायचंस. शिकून मी कुठे पोचले, ते त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं एवढीच माझी इच्छा आहे. ते येणार नसतील तर मला ही सहलच नको.

मिरीला पापा. लोभ आहे तेवढा राहू दे, टोमणे थोडे कमी चालतील.
तुझी भाची

१३ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ. तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. तेव्हापासून दादा बाहेरच्या खोलीत गुडघे वाकवून उभा राहतो. वहिनी म्हणते, हा घसरायला शिकतोय की हरवलेलं नाणं शोधतोय ते कळत नाही. मिरीने तर शाळेत सांगूनही टाकलं. तुझ्या आईच्या दोन टोप्या विणून झाल्या, तिसरी सुईवर आहे. मोठी बॅग माळ्यावर होती, ती काढायला तीच दुखरे गुडघे घेऊन शिडीवर चढली. तुझे बाबा खाली शिडी धरून उभे होते आणि उजवीकडे बघ, डावीकडे बघ, अशा सूचना देत होते.

घोडं पेंड खातंय ते त्यांच्याशीच. पहिल्या दिवशी म्हणाले, त्या सुमारास एका इमारतीचं रंगकाम आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना थंडीचा खोकला आठवला. काल म्हणाले, झाडांना पाणी कोण घालणार. आपल्याकडे झाडं म्हणजे एक कुंडी, आणि तीही शेजारणीची. मग तुम्ही जा, मी घर राखतो, असं ठरवून टाकलं. चोराने न्यावं असं आपल्या घरात काय आहे, असं मी विचारलं, तर हात धुवायला उठून गेले.

तू दमाने घे. हट्टाला पेटू नकोस, एवढं सांगते.
माया पातळ होऊ देऊ नकोस, बाकी पत्र लांबलं तरी चालेल.
आत्या

१९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. बाबा घरात असताना आईने शिडीवर का चढायचं? जन्मभर शिडीवर उभं राहिलेला माणूस आता बायकोला चढवतो, हे मला अजिबात आवडलं नाही. त्यांना तसं सांग.

खोकला आणि कुंडी ही निमित्तं आहेत, ते मलाही कळतं. माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे. तिथे सगळे शिकलेले लोक असणार, आपण पडलो रंगारी, आपण काय बोलणार, असं त्यांच्या मनात आलं असेल. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचे वडील सायकली दुरुस्त करायचे आणि बाई ते भर सभेत सांगतात. माणसामाणसात असला फरक मी मानत नाही. तो मानायचा असता तर शिकून उपयोग काय?

म्हणून मी एक युक्ती काढली आहे. वर कुठे राहायचं हे बाबांपाशी यापुढे बोलायचंच नाही. दादाने त्यांना कसंही करून रोपवेच्या स्थानकापर्यंत आणायचं. तिथे मिरी त्यांचा हात धरून ओढेल. मिरीला ते नाही म्हणणार नाहीत, आणि एकदा पाळण्यात बसले की झालं. दादाला मी उद्या लिहिते.

रागावू नकोस. आहे ते प्रेम असंच असू दे.
तुझी भाची

२५ नोव्हेंबर

चि. मास्तरीणबाईंस,
अ. उ. आ. दादाला लिहिलं असशील तर ते फाडायला सांग. हे तुला कधी सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं, पण आता गप्प बसले तर तू त्यांना त्या पाळण्यापाशी नेऊन उभं करशील.

तू कॉलेजच्या वसतिगृहात गेलीस त्या वर्षी बाबा परांचीवरून पडले. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या रंगवत होते. खाली वाळूचा ढीग होता म्हणून खांद्यावर निभावलं. परगावी काम आहे असं तुला कळवलं होतं, तेव्हा ते दवाखान्यात होते. तुझी पहिली परीक्षा होती आणि तू सगळं सोडून धावत आली असतीस.

खांदा बरा झाला, पण उंचीची भीती गेली नाही. स्टुलावर चढले तरी ओठ पांढरे पडतात. कामावर आता ते रंग मिसळतात आणि पोरं वर चढली की खाली शिडी धरतात. घरात दिवा बदलायचा तर दादा बदलतो. यावर कुणी बोलत नाही, कुणी थट्टा करत नाही. मी करत नाही म्हणजे बघ.

तुला वाटतं त्यांना तुझ्याबरोबरच्या शिक्षकांसमोर लाज वाटते. अगं, ते परवा किराणा दुकानात कुणी विचारलेलं नसताना तुझी पदवी सांगत होते. त्यांना लाज वाटेल ती मिरीसमोर पाय थरथरले तर. आणि मिरीने ओढलं तर ते खरंच चढतील. मला त्याचीच काळजी आहे.

मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस. काय करायचं ते तू ठरव.
राग आला असेल तर माझ्यावर काढ, लोभ मात्र तोडू नकोस.
आत्या

१ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. सहलीत एक बदल आहे. वरच्या लॉजमधली शेगडी बिघडली आहे आणि थंडीत तिथे राहणं बरं नाही. म्हणून मी पायथ्याशी एक घर घेतलं आहे. ते गावात नाही, उतार जिथे संपतो तिथेच आहे. दारातून बाहेर पडलं की सपाट जमीन आणि एक लाकडी बाक. नवशिक्यांचा छोटा उतारही शेजारीच आहे, त्यामुळे दादा, वहिनी आणि मिरी दिवसभर तुमच्या नजरेसमोर पडतील आणि उठतील. वर फक्त मी जाईन.

खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं. वर गेलेला प्रत्येक माणूस शेवटी खालीच येतो. मी जितक्या वेळा उतरेन तितक्या वेळा तुमच्या बाकापाशी येईन. तुम्ही या. बाकी काही म्हणणं नाही.

शेजारणीच्या कुंडीला शेजारीण पाणी घालेल.
आशीर्वाद असू द्यावा.
तुमची मुलगी

८ डिसेंबर

चि. बाळ,
अ. उ. आ. पत्र मिळालं. मिरीला खिडकीच्या कडेला पलंग मिळेल का, हे विचारायला दादाने गेल्याच आठवड्यात त्या लॉजवर फोन केला होता. त्यांची शेगडी उत्तम चालली आहे. तुला खोटं बोलायला लहानपणापासून येत नाही, पत्रातही येत नाही हे आता कळलं. तुझ्या आत्याच्या पोटात काही राहत नाही हे मला आधीच ठाऊक होतं. तिला बोलू नकोस. मीही बोललो नाही, फक्त चहा घेताना तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. तेवढ्यात तिने दोनदा साखर घातली.

कामाचं मी मुकादमाला सांगितलं आहे. मी येतो.

मी वरचं काम सोडलं तेव्हा वाटलं होतं, आता आपण रंगारी राहिलो नाही. आताही कधी कधी वाटतं. पण खाली शिडी धरणारा नसेल तर मी कुठल्याही पोराला वर चढू देत नाही. तुला खाली माणूस हवा असेल तर ते काम मला जमतं.

एक कळव. तिथे खालून सगळी माणसं मुंगीएवढी दिसत असतील. तुझं जाकीट कोणत्या रंगाचं आहे? नुसतं लाल किंवा निळं असं लिहू नकोस, त्यातून काही कळत नाही. नीट सांग.

थंडीत जप. घरच्यांचा आणि माझा जीव तुझ्यात आहे, एवढं लक्षात ठेव.
बाबा

१२ डिसेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. जाकीट पिवळं आहे. मी पाचवीत असताना तुम्ही आमच्या शाळेच्या फाटकाला दिला होता तो पिवळा. डबा हलवून झाल्यावर तुम्ही त्यात थेंबभर तांबडा टाकलात आणि म्हणालात, आता लांबून दिसेल.

उतार संपतो तिथेच उभे राहा. फक्त जरा बाजूला. मला अजून नीट थांबता येत नाही.

सगळ्यांना नमस्कार. आत्याला सांगा, साखर एकदाच.
तुमची मुलगी