नाव पुकारलं तेव्हा

१४ जुलै, मंगळवार

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. अध्यक्षांनी सभागृहात धाकट्याचं नाव पुकारलं आणि माझा हा आमदार भाऊ जागेवर नव्हता!

मी वर प्रेक्षकांच्या गॅलरीत. पास त्यानंच पाठवला होता – "ताई, ये. बघ तुझ्या हॉस्पिटलचा प्रश्न कसा लावून धरतो." अध्यक्षांनी पुन्हा पुकारलं. खुर्ची रिकामी. "सदस्य अनुपस्थित. पुढचा प्रश्न." संपलं! विचारणारा हजर नसला की प्रश्न बुडतो, मंत्र्याला तोंड उघडावं लागत नाही. उत्तराला उठलेले मंत्री खाली बसले. बसताना हसले. मी पाहिलं.

प्रश्न एवढाच होता – दुरुस्तीच्या नावाखाली कुलूप घातलेलं बाळंतपणाचं हॉस्पिटल कोणत्या तारखेला उघडणार? माझा सगळा जन्म त्या वॉर्डात गेला; मेट्रन म्हणून निवृत्त झाले. आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस. पुढे निवडणूक. आता कोण विचारणार, आणि कुणाला?

१५ जुलै

त्याचा फोन. "अगं ताई, घोळ झाला. ट्रॅफिक!"

ट्रॅफिक! काल निघताना पाहिली, गाडी विधानभवनाच्या आवारात उभी होती. ड्रायव्हर बॉनेटला टेकून पेपर वाचत होता. "साहेब केव्हाच आत गेले," म्हणाला.

भांड्यांचं कपाट उपसलं. लावलं. पुन्हा उपसलं.

१९ जुलै

चैन नाही. वकिलीच्या सुरुवातीचा धाकटा आठवतो. कोर्ट उघडायच्या आधीपासून बाहेरच्या बाकावर. एकदा तापानं फणफणलेला, मी दार अडवून उभी, तर म्हणाला, "ताई, पुकारा झाला आणि मी नसलो तर माझा अशील मेला!"

पहिली केस जिंकला तीही अशीच. समोरचे मोठे वकील खाली चहाला गेले, शिपायानं पुकारा केला, धाकटा म्हणाला "हजर!" – आणि गैरहजेरीपायी त्यांचा दावा फेटाळला गेला. ही गोष्ट तो प्रत्येक लग्नाच्या जेवणात हातवारे करून सांगतो. पहिल्या निवडणुकीत तर तिचीच घोषणा केली – 'सदैव हजर'. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मूर्खासारख्या.

गैरहजर राहिलं की काय होतं, ते याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

२० जुलै

ट्रॅफिक म्हणे!

८ ऑगस्ट

त्याच्या घरी जाऊन धडकले. दार भावजयीनं उघडलं. "या ताई. आज आहेत हो जागेवर." म्हणजे हिलाही कळलंय!

"कुठे होतास?" मी बसलेसुद्धा नाही.

"लॉबीत."

"नाव ऐकू आलं?"

चहा ढवळत बसला. साखर घेत नाही, तरी.

"आलं. दोन्ही वेळा. ताई, तुला यातलं कळत नाही. पक्षानं सांगितलं, मंत्र्यांना अडचणीत आणलंस तर तिकीट विसर. प्रश्न मागे घेतला असता तर तसं लेखी राहिलं असतं. गैरहजर राहिलं की डाग लागत नाही."

"वा वकीलसाहेब! केवढी ही अक्कल!"

"एकदा परत निवडून येऊ दे. मग बघतो ना."

"आणि तोवर बायकांनी काय करायचं? बाळंतपणाला पुढची तारीख मागायची?"

भावजय फस्सकन हसली. मग हसू थांबलं तिचं. "आपल्या धाकट्या लेकीच्या वेळी माझं रक्त थांबेना," ती म्हणाली. "हॉस्पिटल कोपऱ्यावर होतं म्हणून जगले. विसरलात?"

"तू मध्ये पडू नकोस."

तिनं त्याच्या हातातला कप काढून घेतला. तसाच भरलेला आत नेऊन मोरीत ओतला.

२४ सप्टेंबर

तिकीट मिळालं त्याला. गल्लीच्या तोंडाशी हा एवढा फलक – 'सदैव हजर'. दूधवाला खुशीत. "मेट्रनबाई, भाऊ परत येणार बघा!"

"कुठून? लॉबीतून?" बिचारा गोंधळला.

दुपारी मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी आली. सुनेला दूरच्या हॉस्पिटलात नेताना रिक्षा रेल्वे फाटकात अडकली. तिथेच बाळंत झाली. बाळ ठीक. सून अजून शुद्धीवर नाही. "बाई, तुम्ही असतात तर..." एवढंच म्हणाली. मी होते की! इथे, घरात, कपाटं आवरत!

धाकट्याला फोन केला. सेक्रेटरी म्हणाला, "साहेब सभेत आहेत."

२६ सप्टेंबर

सून शुद्धीवर आली. पेज प्यायली. मी मात्र आज कुठेच बसू शकले नाही. सरळ निवडणूक कचेरीत जाऊन आले.

२८ सप्टेंबर, सोमवार

धाकट्याला आज सकाळी हे पाठवलं –

'१४ जुलैला, सकाळी अकरा चाळीसला, नाव ऐकूनही तू लॉबीत का थांबलास, आणि हॉस्पिटलचं कुलूप कोणत्या तारखेला काढायला लावणार, हे वर्तमानपत्रात छापता येईल असं तुझ्या सहीनं लिहून दे. फोन नको. माणूस पाठवू नकोस. उत्तर लेखी हवं, परवा दुपारी तीनच्या आत. तीनला उमेदवारी अर्ज घेणं बंद होतं. माझा भरून तयार आहे. सूचक म्हणून पहिली सही तुझ्या बायकोची.'