भुजंगप्रयातात भरलेली मोटार

५ जानेवारी, सोमवार
आज पुन्हा हात भाजला! दिव्याखाली वाळत ठेवलेली मोटार तापलेली असते, हे अजीजने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा मी स्वतः हात लावून खात्री केली.

छप्पन्नाव्या वर्षी शिकाऊ! चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं. कंपनीने गाशा गुंडाळला. आता आळंदी रस्त्यावर अजीजच्या दुकानात पाण्याच्या जळलेल्या मोटारी भरायला शिकतोय — म्हणजे जुनी तार उपसायची, नवी गुंडाळायची. अजीज माझ्या जावयाच्या वयाचा. पण उस्ताद तो! "काका, तार ओढू नका. चालवा," म्हणतो. काय वाक्य आहे! त्याच्यावर विचार करत राहिलो, तोवर तार तुटली.

घरी बायकोचं, सुमनचं, एकच पालुपद — रावेतच्या सोसायटीत वॉचमनची जागा आहे. "बारा तास खुर्चीत बसायचं. म्हणा की कविता, कोण अडवतंय?"

८ जानेवारी, गुरुवार
अजीज आज स्पष्ट बोलला. "काका, राग मानू नका. एक मोटार तुम्ही एकट्यानं भरायची. पुढच्या शनिवारी लावून बघू. चालली तर टेबल तुमचं, पगार सुरू. नाही चालली तर... वॉचमनचं काम पण वाईट नसतं."

ह्याला सुमनने फोन केला असेल काय?

९ जानेवारी
युक्ती सापडली! यंत्रावरचा वेढे मोजायचा काटा कधीचा मोडलाय, तोंडी मोजावं लागतं. एका कॉइलला अठ्ठेचाळीस वेढे. मी तिसाच्या पुढे हमखास भरकटतो — थेट सेलूच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, दत्तोबा गुरुजींच्या तासाला. आज तिथेच उत्तर मिळालं. भुजंगप्रयात! ओळीत अक्षरं बारा, ओळी चार. बारा चोक अठ्ठेचाळीस! एका अक्षराला एक वेढा, एका श्लोकाला एक कॉइल.

कविता पोटाला काय घालते म्हणणाऱ्यांनी आळंदी रस्त्याला यावं!

१२ जानेवारी
दिवसभर श्लोक. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "आत पूजा आहे का?" अजीज म्हणाला, "नाही, मोटार भरतायत."

१४ जानेवारी
अजीजला तिळगूळ दिला. गोड बोल म्हटलं. "आधी मोटार फिरू द्या काका, मग बोलतो."

१७ जानेवारी, शनिवार
काय लिहू!

मोटार चऱ्होलीच्या साहेबरावांच्या गोठ्याची. ते पहाटेपासून फोन करत होते, जनावरं पाण्यावाचून उभी. सुमनही दुकानात येऊन बसली होती — "नाही जमलं तर इथूनच रावेतला जाऊ. पाचपर्यंत थांबणारेत ते."

बटण दाबलं. मोटार पोट बिघडलेल्या रेड्यासारखी गुरगुरली. मग धूर!

अजीजने ती उघडली, कॉइल उलगडून वेढे मोजले. एकीत अठ्ठेचाळीस. दुसरीत साठ. तिसरीत पुन्हा साठ. "काका, हे वरचे बारा कुठून आले?" तार खाचेत मावत नव्हती, मी बांबूच्या पट्टीने दाबून दाबून कोंबली होती — तेव्हाही शंका आली नाही मला!

काय करतो ते दाखवायला श्लोक म्हणून दाखवला. सुमनने लगेच पकडलं. "अहो, शेवटची ओळ दोनदा म्हणता तुम्ही!"

म्हणतोच! गुरुजींची चालच तशी होती. शेवटच्या ओळीला सगळा वर्ग उठून उभा राहायचा, आणि ती पुन्हा, जोरात. मध्येच गिऱ्हाईक आलं की मी ती एकदाच म्हणून गप्प होत असणार. तेवढ्याच कॉइल बरोबर!

अजीज हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

तो स्वतः भरायला बसला, पण त्याचा फोन थांबेना. सुमन म्हणाली, "सरका, मी फिरवते. सांगा तेवढं." पदर खोचून बसली. एक, दोन, तीन, चार... ना चाल, ना यमक. तार तिच्या हातातून अशी चालली की मी बघत राहिलो. मी फक्त बांबूची पट्टी धरून उभा.

संध्याकाळी साहेबरावांचा फोन — पाणी आलं!

रावेतला जायचं राहूनच गेलं.

१८ जानेवारी, रविवार
टेबल मिळालं. सुमनला.

अजीजचा फोन आला तो माझ्या नंबरवर. "काका, जरा काकूंना द्या." ती बोलली, हो म्हणाली, फोन माझ्या हातात ठेवला. वाईट वाटलं? वाटलं. चहा होईपर्यंत.

रावेतवाल्यांनी कालच दुसरा माणूस घेतला.

"उद्या नऊला निघायचंय मला," सुमन म्हणाली. "डबा लागेल. या, पोळ्या शिकवते."

कणकेत पाणी जास्त झालं.