शेवटचं प्रकरण वहिनींचं

मी, खाली सही करणारा, पूर्वी वकील व आता खऱ्या हकिगतींचा लेखक, कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी आजचा वार विचारला, मी सांगितला. वाईट वाटतं का, हे विचारलं नाही. कायद्याला ते लागत नाही आणि मलाही सांगता आलं नसतं.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीस. दुसरा वाटेकरी नाही, तेव्हा भांडणाची हौस तिने सोसायटीच्या सभेत भागवावी.

२. काळा डगला माझ्या हाताखाली ज्युनियर वकील असलेल्या मुलीस. खिसा फाटका आहे. चष्मा ठेवल्यास अस्तरात शोधावा.

३. मी सनद परत केली त्या दिवशी आमचे ‘हरकतराव’ वकील म्हणाले होते, "वकिली सोडून गोष्टी लिहिणार? म्हणजे धंदा तोच की!" त्यांना माझी सर्व पुस्तके द्यावीत. समास रुंद आहेत. हरकती तिथे नोंदवाव्यात.

४. आता मुख्य. कारखान्यात बॉयलर फुटून माझे थोरले बंधू गेले. खटल्यात मी मागच्या बाकावर बसून असे. झडप कोणी बंद केली, एवढंच विचारलं जाई. दादा कसा होता, हा प्रश्न असंबद्ध. त्या प्रश्नासाठी मी डगला उतरवला.

कोर्टात साक्ष लिहून झाली की साक्षीदाराला वाचून दाखवतात. तो ‘बरोबर’ म्हणाला की सही. दादावरच्या पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण मी तसंच वहिनींना वाचून दाखवलं. भाजी निवडता निवडता त्या म्हणत, "भाऊजी, एवढं गोड बोलायचे नाहीत हो ते. खोडा." मी खोडलं.

स्फोटाच्या सकाळचं शेवटचं प्रकरण उरलं. मी चष्मा लावला, तशा त्या उठल्या.

"त्यात ते घरातून निघतात ना? मग राहू द्या. निघू देऊ नका अजून."

प्रकाशकांना पुस्तक याच वर्षी हवं आहे. मलाही; कारण पुढचं वर्ष मला नाही, असं डॉक्टर म्हणतात.

तरीही, त्या प्रकरणाचा संपूर्ण हक्क वहिनींचा. त्यांनी ऐकून ‘बरोबर’ म्हटल्याखेरीज पुस्तक छापू नये. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन इथे लागू नाही. वाचायला माझी पत्नी जाईल. "बोलावलं तरच जाईन," असं ती म्हणाली, ते योग्यच. या कलमाला मुदत नाही. तोवर माझे बंधू घरातून निघालेले नाहीत, असे या दस्तापुरते समजण्यात यावे.

सही दोघांसमक्ष केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही, म्हणूनच ते साक्षीदार.

साक्षीदार : १. शेजारचे दंतवैद्य (सही)
२. टायपिस्टबाई (सही)

लिहून ठेवणार : (सही)
स्थळ : घरचं जेवणाचं टेबल
दिनांक : तीन मार्च, मंगळवार