किरण न लागलेल्या पेशी

कोपर, रविवार, ९ फेब्रुवारी १९९७

आदरणीय दाबके सर,

क्ष-किरण न लागलेल्या पेशीही शेजारच्या किरण लागलेल्या पेशींमुळे बिघडतात, असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही हसलात. "शीला, पेशींच्या डिश अदलाबदल झाल्या तुझ्याकडून!" नोकरी जाईल या भीतीने मी तशी चूक झाल्याचं लिहूनही दिलं. ते खोटं होतं.

गेल्या महिन्यात प्रयोग पुन्हा केला. किरण दिलेल्या पेशींभोवतीचा द्रव गाळून काही निरोगी पेशींवर घातला, बाकीच्यांवर साधा द्रव. द्रव घालायचं आणि डिशवर खुणा करायचं काम प्रयोगशाळेतल्या मदतनीस सहदेवने केलं, कशात कोणता द्रव ते मला न सांगता. मोजणी झाल्यावर त्याची वही उघडली. गाळलेला द्रव मिळालेल्याच पेशी बिघडल्या होत्या.

सहदेव म्हणाला, "मॅडम, आता सरांना लिहाच."

लिहिलं. पण पोस्टात टाकणार नाही. उद्या तुमच्यासमोर उभी राहून माझी ती कबुली परत मागणार आहे.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
शीला तरे