पान उलटायची जागा

रविवार, ८ सप्टेंबर

फजिती! चर्चमध्ये, भर मिस्सेत, अख्ख्या गावाची!

तीन महिने बंद पडलेल्या ऑर्गनवर ह्यांच्या जागी आज पहिल्यांदा शाळेतल्या नव्या बाई बसल्या. पोरीची बोटं काय सुरेख चालतात — खोटं कशाला बोलू. पण पहिल्याच गीताचं दुसरं कडवं संपलं आणि सवयीने गाव थांबलं. बाई थांबल्या नाहीत. ऑर्गन पुढे, आम्ही मागे! निम्मे त्यांना गाठायला पळत सुटले, निम्मे तोंड मिटून उभे. शेवटची ओळ पाववाल्याने एकट्याने म्हटली, तीही भलत्याच सुरात.

बाईंचा काय दोष? बेचाळीस वर्षं हे तिथे थांबत आले, पान उलटायला. तेवढ्यात पाववाला खोकून घेतो, चांभारकाका चष्मा पुसतात, आया पोरांची नाकं पुसतात. लोकांना वाटतं गीतच तसं आहे. मी घंटा वाजवून, दोर बांधून मनोऱ्याचा जिना उतरते ती नेमकी त्याच शांततेत, आणि माझ्या चपलांची फटफट सगळ्या चर्चला ऐकू जाते. कितीदा म्हटलं, "अहो, एक पान उलटायला एवढा वेळ? गोगलगाय बरी!" हे नुसते हसायचे.

घरी आले तर हे खिडकीशी, सकाळी बसवले तसेच. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. मी काही सांगितलं नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

झटका येऊन आज तीन महिने झाले. चर्च शंभर पावलांवर, तरी पाय टाकत नाहीत. जीभ जड झालीय, पण हे एक वाक्य स्वच्छ येतं — "हात नाही, तर मी तिथे कोण?" मला राग येतो. राग कसला, रडूच येतं. पूर्वी जेवता जेवतासुद्धा ताटाच्या कडेवर बोटं वाजायची. आता घर कसं मुकं झालंय. ह्यांना एकदा, फक्त एकदा तिथे नेता आलं पाहिजे.

चर्च झाडलं. बाक पुसले, ऑर्गन पुसला. वरचा छोटा आरसा सोडून. त्याला हात लावायची मला पहिल्यापासून बंदी — "कोन बिघडतो!" दर शनिवारी हे स्वतः पुसायचे. वेदीपाशी फादर कधी उभे राहतात ते मागे न वळता दिसावं म्हणून तो लावलेला. दिसायचं कुठलं! फादरना खोकून इशारा द्यावा लागायचा. आता त्यावर तीन महिन्यांची धूळ. बाईंनी काल सरळ मान वळवून बघितलं. असो, बंदी ती बंदी.

गुरुवार, १२ सप्टेंबर

चर्चच्या दारातल्या फळ्यावर गावाचं सगळंच असतं. करडू हरवलंय, शिडी हवीय, लस टोचायला नर्सबाई कधी येणार. आज त्याखाली खडूने ठळक — "दुसऱ्या कडव्यानंतर थांबावे. हुकमावरून, समस्त गाव." अक्षर कुणाचं ते विचारायलाच नको, फळ्याला पीठ लागलं होतं!

ह्यांना सांगितलं. रविवारची फजितीही सांगून टाकली. आधी डोळे हलले, मग अर्धा ओठ — हसले! तीन महिन्यांनी हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले.

रविवार, १५ सप्टेंबर

बाई थांबल्या. पण बरोब्बर चार मात्रा! गाव अजून खोकतंय, मी अजून जिन्यात, आणि बाईंचं सुरू. पुन्हा घोळ.

दारात पाववाल्याने गाठलं. "वहिनी, मास्तरांना आणा हो. वाजवू नका म्हणावं, नुसते बसा. त्यांच्याशिवाय आमचं काही जमत नाही."

मंगळवार, १७ सप्टेंबर

बाई वही घेऊन घरी आल्या. "काका, नक्की किती थांबायचं?" आणि टेबलावर बोटाने मोजायला लागल्या. ह्यांनी डाव्या हाताने त्यांचं बोट दाबून धरलं.

"मोजू नको. बघ."

"काय बघू?"

ह्यांनी मान फिरवली. कान मात्र लाल!

बाई म्हणाल्या, "आणि काकू, पान कुठलं उलटायचं? तिन्ही कडवी एकाच पानावर आहेत." मी पुस्तक ओढून पाहिलं. खरंच की! मग बेचाळीस वर्षं करत काय होते, डुलकी काढत होते? "अहो?" म्हटलं, तर म्हणे, "चहा टाक."

मी चहा टाकला. आतून ऐकू आलं, "रविवारी तुम्हीच शेजारी बसा ना, काका. खूण करा. डावा हात चालेल." मी गाळणं धरून तशीच उभी. मग ह्यांचा आवाज, तोही मला उद्देशून — "सदरा इस्त्री कर."

शनिवार, २१ सप्टेंबर

सदऱ्याला दोनदा इस्त्री केली.

रविवार, २२ सप्टेंबर

आले! काठी घेऊन, माझा हात झटकून, शंभर पावलं. चांभारकाकांनी वाट मोकळी केली, सगळे नुसतेच उगीच खाकरले. बाईंनी सरकून अर्धा बाक दिला. बसल्या बसल्या ह्यांनी आधी काय केलं, तर रुमालाने आरसा पुसला.

मी घंटा वाजवायला वर गेले. गुडघा आज फारच कुरकुरत होता, उतरायला उशीर झाला. दुसरं कडवं केव्हाच संपलेलं. ह्यांचा डावा हात वर. सगळं गाव थांबलेलं — खोकून झालं, चष्मे पुसून झाले, तरी हात वरच! मी ओशाळून माझ्या बाकावर टेकले. हात खाली आला आणि सगळे एका सुरात गायला लागले. पाववालासुद्धा.

घरी येताना म्हटलं, "आज जरा जास्तच ताणलंत." म्हणाले, "जिना... सांभाळून उतरत जा."

सोमवार, २३ सप्टेंबर

झाडता झाडता आज पहिल्यांदा ऑर्गनच्या बाकावर बसले आणि आरशात पाहिलं. वेदी दिसत नाही. फादरची जागा दिसत नाही. जिन्याची शेवटची पायरी दिसते, आणि खांबाजवळचा माझा बाक.

आरसा पुसला. हलक्या हाताने. कोन जराही बिघडू दिला नाही.